टाइमलॅप्स लुकलुकतोय, हायपरलॅप्स उड्या मारतोय? मोबाईल बदलायच्या आधी हे बघा

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस जवळ आले की, आणि परत जूनमधे ढग भरून यायला लागले की, आपल्या सोलापुरातल्या पोरांचा एकच प्रश्न सुरू होतो: टाइमलॅप्स (म्हणजे बराच वेळ चाललेलं दृश्य काही सेकंदात पळवून दाखवणारा व्हिडिओ) काढला पण तो मधेच काळा मधेच पांढरा होतोय, काय करू? आणि त्यावर कोणीतरी एकजण हमखास सांगतोच, "मोबाईलच बदल की बे, कॅमेरा गेलाय त्याचा." अहो कॅमेरा कुठं जात नाही. पंधरा हजाराच्या मोबाईलवर पण स्वच्छ टाइमलॅप्स निघतो आणि लाखाच्या मोबाईलवर पण लुकलुकतो. बहुतेक वेळा भानगड एकच असते, ती म्हणजे ऑटो.

ऑटोवर असला की मोबाईल सारखा नव्याने ठरवत बसतो, उजेड किती घ्यायचा, रंग पिवळट ठेवायचा की निळसर, फोकस कुठं, एवढंच काय तीन लेन्सपैकी कुठली वापरायची ते पण. साध्या व्हिडिओत हे बदल हळूहळू होतात म्हणून डोळ्याला कळत नाहीत, पण तुम्ही दहा मिनिटांचं शूट वीस सेकंदात दाबलं की तेच बदल तीस पट वेगाने दिसणार, मग लुकलुकणारच की.

तर पहिलं काम, सेटिंगला हात लावायच्या आधी बिघडलेला व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लावा आणि अडकत अडकत, फ्रेम फ्रेम करून, म्हणजे एकेक चित्र बघा. सगळे जण "लुकलुकतोय" म्हणतात पण त्यात निरनिराळे आजार असतात. अख्ख्या फ्रेमचा उजेड वरखाली होत असेल तर एक्सपोजर (उजेड किती घ्यायचा ते). उजेड तोच पण रंग बदलतोय तर व्हाइट बॅलन्स (रंग पिवळट की निळसर ते). कडेचा विजेचा खांब जागेवरून सरकतोय तर स्टॅबिलायझेशन (हादरे लपवायची मोबाईलची सोय) किंवा ट्रायपॉड. आणि फ्रेमवरून आडवे काळपट पट्टे फिरतायत तर ते दिव्यांचं काम, त्यात मोबाईलचा दोष फार नाही. हे न बघता उगाच यूट्यूबवर बघून दहा सेटिंग बदलली की कुठल्यानं फरक पडला तेच कळत नाही.

एक्सपोजरचं आधी घेतो कारण सगळ्यात जास्त त्याचंच रडगाणं असतं. नंदीध्वजांची (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्यांची) मिरवणूक कुणाच्या तरी गच्चीवरून घेताय असं समजा. सुरुवातीला खाली नुसता डांबरी रस्ता, म्हणजे काळपट, त्यामुळं मोबाईल उजेड वाढवून ठेवतो. मग पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली (बंद बांधायच्या पारंपरिक अंगरख्यातली) माणसं फ्रेममधे भरायला लागतात, मोबाईलला वाटतं अरे फार उजेड झाला, तो लगेच सगळंच अंधारं करतो, तोंडं काळी पडतात, कडेची दुकानं दिसेनाशी होतात. तो घोळका पुढं गेला, परत रस्ता मोकळा, परत उजेड वाढला. पुढचा नंदीध्वज आला, परत तेच. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या सगळ्याची सरासरी काढून ती मध्यम करड्यावर आणायला बघतं, त्याला बाराबंदी काय नि डांबर काय काहीच कळत नाही.

उपाय म्हणजे एक्सपोजर लॉक. आयफोनवर स्क्रीनवर बोट दाबून धरलं की वर पिवळ्या पट्टीत लॉक झाल्याचं येतं, बऱ्याच अँड्रॉइडवर पण तसंच दाबून धरलं की कुलपाचं चिन्ह येतं. पण लॉक कशावर करायचं हे महत्त्वाचं. मोकळ्या रस्त्यावर लॉक केलं तर बाराबंद्या आल्या की नुसते पांढरे डाग दिसणार, त्यावरच्या चुण्या पण दिसायच्या नाहीत. म्हणून त्याच उन्हात उभ्या असलेल्या कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर बोट ठेवून लॉक करा, फ्रेम फारच अंधारी वाटली तर ते सूर्याचं चिन्ह जरासंच वर ओढा. थोडं अंधारं आलेलं एडिटिंगमधे उजळता येतं, जळालेलं पांढरं परत येत नाही. आणि लॉक झाल्यावर स्क्रीनला परत बोट लावू नका, काही मोबाईलवर नुसत्या एका टचनं लॉक सुटतं आणि तुम्हाला घरी गेल्यावर कळतं.

काही अँड्रॉइडमधे मात्र टाइमलॅप्स मोडला लॉक टिकतच नाही, सुरू केलं की सुटलं. तिथं त्या मोडशी भांडत बसू नका. प्रो मोडमधे आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते), शटर (प्रत्येक फोटोला उजेड किती वेळ आत घ्यायचा ते), व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं हातानं ठेवून ठराविक अंतरानं फोटो काढा आणि नंतर जोडा. प्रो मोडला ठराविक अंतराची सोय नसेल तर ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, त्यात रिपीट आणि त्याचा इंटरव्हल (दोन फोटोंमधला वेळ) अशा दोन सेटिंग आहेत, दर २ सेकंदाला फोटो म्हणलं की तो काढत बसतो. हे करताना एचडीआर (कमीजास्त उजेडाचे फोटो एकत्र जोडायची सोय), नाइट मोड, ते एआय सीन वगैरे सगळं बंद, कारण त्यात मोबाईल प्रत्येक फोटो आपल्या मनानं वेगळा शिजवतो आणि लॉक असून पण लुकलुक राहते.

व्हाइट बॅलन्सचं थोडक्यात. संध्याकाळी रस्त्यावरचे पिवळे दिवे लागले की ऑटो गोंधळतो, एका फ्रेमला सगळं केशरी, दुसऱ्याला निळं. तो ऊन किंवा ढगाळ यापैकी एकावर ठेवून द्या, थोडा रंग चुकला तरी चालतं, अख्ख्या क्लिपला तोच चुकलेला रंग असेल तर एका झटक्यात दुरुस्त होतो.

फोकसचं पण तसंच, लांबच्या वस्तूवर लॉक. अंधारात ऑटो फोकस मागंपुढं चाचपडत राहतो आणि फ्रेम श्वास घेतल्यासारखी लहानमोठी होते. बोटाचा तेलकट ठसा लेन्सवर असेल तर आधी तो पुसा, भज्या खाऊन तसेच शूट करणारे लई आहेत.

आता एक असा प्रकार जो पटकन लक्षात येत नाही. क्लिप मस्त चालू आहे आणि अंधार पडायला लागला की एकदम फ्रेम किंचित सरकते, रंग पण बदलतो, आणि मग तसंच पुढं. बऱ्याच मोबाईलमधे झूमची लेन्स अंधारात कमी पडते म्हणून मोबाईल गुपचूप मुख्य लेन्सवर जातो आणि तेच क्रॉप करून दाखवतो, तिथं ही उडी बसते. आयफोनला व्हिडिओच्या सेटिंगमधे कॅमेरा लॉक करायचा पर्याय आहे, तो चालू करा. बाकीच्यांनी सरळ एक एक्सवरच (१x, म्हणजे मुख्य लेन्सवर) काढा, झूम नकोच.

पट्ट्यांचं. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणजे विजेवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. शटर १/१००, १/५० किंवा १/२५ ठेवलं की प्रत्येक फ्रेममधे पूर्ण झोके बसतात आणि पट्टे जातात. कॅमेरा सेटिंगमधे अँटी बँडिंग (पट्टे रोखायचा) असा पर्याय असेल तर तिथं ५० ठेवा, ६० असेल तर तेच तुमचं दुखणं. पण गड्ड्यात आकाशपाळण्यावरच्या रंगीत एलईडींना हा हिशोब नेहमी लागू पडत नाही, ते दिवे स्वतःच्याच वेगानं बंदचालू होतात आणि त्यात कुठं जनरेटर असला की ५० पण नीट ५० राहत नाही. तिथं शटर अजून लांबवायचं, अर्धा सेकंद, एक सेकंद, आयएसओ एकदम खाली. मग सगळे झोके एका फ्रेममधेच मिसळतात, पट्टे दिसत नाहीत आणि पाळणा पण उजेडाच्या वर्तुळासारखा येतो, जे असं पण छानच दिसतं. अर्थात ट्रायपॉड पाहिजेच. शोभेच्या दारूकामाला मात्र टाइमलॅप्स काढूच नका असं माझं मत आहे, दोन फोटोंच्या मधल्या वेळातच बाण फुटून जातो आणि क्लिपमधे नुसता धूर येतो, तिथं साधा व्हिडिओच बरा.

आता उन्हाचं, कारण पुण्यामुंबईच्या लोकांनी केलेल्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही आणि आपल्याकडं एप्रिल मे मधे निम्मे टाइमलॅप्स यानंच मरतात. शूट अर्ध्यात आपोआप बंद पडलं, मोबाईलवर तापमानाचा इशारा आला, किंवा बंद न पडता फ्रेमा गळाल्या आणि ढग मधेच उड्या मारत पळाले, हे सगळं गरमीचं. ॲपल स्वतः आयफोन ० ते ३५ अंशातच वापरा असं सांगतं, आणि आपला पारा तर त्या दिवसात चाळीसच्या वर असतो, ते पण सावलीत. गच्चीवर उन्हात काळा मोबाईल ठेवला तर तो त्याहून किती तापत असेल ते हात लावूनच बघा. वर तो कॅमेरा सतत चालवतोय, स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर, मागं जाड कव्हर आणि पॉवर बँक पण लावलेली. चार्जिंगची उष्णता वेगळी, ती सगळी आतच.

म्हणून कव्हर काढा, स्क्रीनचा ब्राइटनेस खाली आणा, फ्लाइट मोड टाका, आणि मोबाईल आधीच पूर्ण चार्ज करून न्या, म्हणजे शूट चालू असताना चार्जर लावायची वेळ येत नाही. मोबाईलवर सावली पाहिजे, लेन्ससमोर नको, त्यासाठी पांढरी छत्री ट्रायपॉडच्या मागच्या अंगाला बांधली की भागतं, पांढरा पुठ्ठा पण चालतो, फक्त वाऱ्यानं हलून फ्रेममधे डोकावत नाही ना ते बघा. मोबाईल खोलीतून थेट उन्हात न नेता शूटच्या आधी सावलीत ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको. आणि तापला म्हणून फ्रीजमधे ठेवायचे उद्योग करू नका, ओला फडका पण गुंडाळू नका, आत दमट होऊन लेन्सच्या आतल्या बाजूनं वाफ धरली की ती जाता जात नाही. दुपारी बारा ते चार मला तर काही शूट करण्यासारखं दिसतच नाही, आकाश पांढरं, सावल्या पायाखाली. सकाळी सात ते नऊ सिद्धेश्वर तलावाच्या कडेला उभं राहा, पाण्यात देवळाचं प्रतिबिंब असतं आणि मोबाईल पण थंड राहतो.

फ्लाइट मोडचं अजून एक कारण आहे. टाइमलॅप्स चालू असताना फोन आला तर काही मोबाईल रेकॉर्डिंगच थांबवतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगनं मोबाईल थरथरला की ट्रायपॉडवर तो केसभर हलतो आणि क्लिपमधे एक झटका दिसतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. व्हायब्रेशन बंद. बॅटरी सेव्हर पण बंद, तो मधेच ॲप मारून टाकतो.

फ्रेम हलतेय पण ट्रायपॉड तर घट्ट आहे, असं असेल तर दोन गोष्टी बघा. एक, मोबाईलचं स्टॅबिलायझेशन. हातात धरल्यावर ते कामाचं, ट्रायपॉडवर ते नडतं, समोरून मोठी बस गेली की मोबाईलला वाटतं आपणच हललो आणि तो फ्रेम उलट्या दिशेला सरकवतो, मग कडेच्या इमारती हळूच डुलतात. सेटिंगमधे बंद करता येत असेल तर करा. दुसरं म्हणजे जमीनच हलत असते. उड्डाणपुलावरून रहदारी घेताना ट्रक गेला की पूल दणकतो, तिथं तुम्ही कितीही महागाचा ट्रायपॉड लावा, पुलावरून उतरून कडेच्या इमारतीत जा. आणि यंत्रमागाच्या कारखान्यात तर विचारूच नका. चादर विणतानाचा टाइमलॅप्स फार सुंदर येतो, नक्षी अक्षरशः खालून वर उगवत जाते, पण चारही बाजूनं माग धडाडत असतात आणि फरशीची थरथर ट्रायपॉडच्या पायातून थेट लेन्सपर्यंत येते, सगळ्या फ्रेमा बारीक धुरकट. तिथं ट्रायपॉडच्या पायाखाली जुन्या चादरीच्या जाड घड्या ठेवा, पाय पूर्ण लांबवू नका, मधली दांडी वर काढू नका. शटर १/१०० च ठेवा, कारण शेडमधे ट्यूबलाइट असतात, म्हणजे पट्ट्यांचा पण बंदोबस्त होतो. धोट्याची (आडवा धागा नेणाऱ्या भागाची) आणि हाताची हालचाल पुसट येणार, येऊ द्या, नक्षी स्पष्ट आली की झालं. मालकाला विचारून, आणि मागापासून लांब उभं राहून, हे सांगायला नको.

हिप्परगा तलावाकडं ढग काढायला जाणाऱ्यांनी वाऱ्याचा विचार करा, उघडं माळरान आहे. ट्रायपॉड बुटका ठेवा, मधल्या हुकला पाण्याची बाटली भरलेली पिशवी लटकवा, पण ती जमिनीला टेकलेली पाहिजे, नुसती लोंबत असली तर तीच झोके घेत बसते.

इंटरव्हल किती ठेवायचा हा प्रश्न पण येतोच. सात रस्ता चौकातली रहदारी असेल तर १ सेकंद, पळणारे ढग २ ते ३, संथ ढग ५, सावल्या सरकताना १५ ते ३०. सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशोबानं १० सेकंदाच्या क्लिपला ३०० फोटो लागतात, २ सेकंदाच्या अंतरानं ते १० मिनिटात होतात, ५ च्या अंतरानं २५ मिनिटं बसा. मोबाईलमधे जागा आधीच मोकळी करा, एक फोटो ४ एमबीचा धरला तरी ३०० फोटो म्हणजे १.२ जीबी. आयफोनच्या स्वतःच्या टाइमलॅप्समधे इंटरव्हल तुमच्या हातात नसतो, तो सुरुवातीला सेकंदाला २ फ्रेम घेतो आणि दहा मिनिटांच्या पुढं गेलं की त्या निम्म्या करतो, वीसच्या पुढं परत निम्म्या, असं करत क्लिप २० ते ४० सेकंदातच बसवतो. म्हणून "मी तासभर उभा होतो तरी एवढीच क्लिप का" याचं उत्तर ते आहे, त्यात काही बिघडलेलं नाही.

सूर्यास्त. इथं लॉकचा सगळा उपदेश गडबडतो, लॉक केलं तर अर्ध्या तासात काळंकुट्ट, नाही केलं तर लुकलुक. सोपा मार्ग म्हणजे दोन तुकडे. सूर्य असेपर्यंत एका लॉकवर, तो बुडून दिवे लागले की मोबाईलला धक्का न लावता नवीन लॉक करून दुसरा तुकडा, आणि एडिटिंगमधे दोन्हीच्या मधे एक दीड सेकंदाचा डिझॉल्व्ह, म्हणजे पहिला विरत विरत दुसरा येतो. शटर रिमोटनं किंवा टायमरनं दाबा, बोटानं दाबलं की फ्रेम हलते आणि डिझॉल्व्हमधे देवळाला दोन शिखरं दिसतात.

आता हायपरलॅप्स, म्हणजे चालत चालत काढायचा तो. मोबाईलमधला तयार हायपरलॅप्स मोड असेल तर सरळ मोकळ्या वाटेला तो पुरतो, गुडघे जरा वाकवून, टाच आधी टेकवत चालायचं, मुख्य लेन्सवर. उड्या यायचं नेहमीचं कारण म्हणजे जवळच्या वस्तू. दोन हातावरून माणूस गेला, कठडा आला, की सॉफ्टवेअर त्याला धरून फ्रेम स्थिर करायला बघतं आणि मागचं देऊळ हेलकावे खातं. विषय लांबचा ठेवा आणि गर्दीची वेळ टाळा.

पण खरा हायपरलॅप्स हवा असेल तर फोटो पद्धतच. ग्रिडच्या रेषा चालू करा. एक खूण पकडा, किल्ल्याच्या बुरुजाचा कोपरा म्हणा की शिखराचा कळस, आणि प्रत्येक फोटोला ती खूण ग्रिडच्या त्याच छेदावर आली पाहिजे. पाऊल सारखं पाहिजे, त्यासाठी खाली पेव्हिंग ब्लॉक असतील तर तेच माप, दर दोन ब्लॉकला एक फोटो. मोबाईलची उंची बदलू देऊ नका, साधी काठी घ्या, काठीचं टोक जमिनीवर टेकवा, मोबाईल वर क्लॅम्पला, मग उंची आपोआप तीच राहते. सगळ्यात जास्त चुकतं ते आडवं तिरकं, म्हणजे क्षितिज. खूण जागेवर आहे पण मोबाईल दोन अंश कलला, की क्लिपमधे बुरुज डुलतो, आणि प्रत्येक फोटो वेगळा कललेला असला की एडिटरचं स्टॅबिलायझर पण हात टेकतं. लेव्हलची रेष कॅमेऱ्यात असते, ती चालू ठेवा. एक्सपोजर, फोकस लॉक वर सांगितलं तसंच, फक्त चालता चालता ऊन सावली बदलणारी वाट निवडू नका. किल्ल्यात ट्रायपॉड, काठी न्यायच्या आधी गेटवर विचारून घ्या.

बाइकच्या हँडलला मोबाईल लावून हायपरलॅप्स काढणारे पण आहेत. रस्ते कसे आहेत ते आपल्याला माहीतच आहे, जेलीसारखा लडबडलेला व्हिडिओ येतो, आणि वर मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझेशनला बाधक ठरू शकते असं ॲपलनंच सांगितलंय. गाडीतूनच पाहिजे असेल तर चारचाकीत काचेला चिकटवा आणि चालवणारा दुसरा कोणीतरी असू दे.

आणि आधीच काढून ठेवलेली लुकलुकती क्लिप असेल तर? उजेडाची लुकलुक बऱ्यापैकी निघते. एफएफएमपेग नावाचं फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चालतं, त्यात डीफ्लिकर नावाचा फिल्टरच आहे, तो शेजारच्या फ्रेमांचा उजेड बघून सरासरीवर आणतो. फोटो काढलेले असतील तर एलआरटाइमलॅप्स नावाच्या सॉफ्टवेअरमधे अजून नीट होतं. फ्रेम हलली असेल तर एडिटरमधलं स्टॅबिलायझेशन लावा, कडा थोड्या कापल्या जातील, म्हणून फ्रेम घेतानाच सगळ्या बाजूनं मोकळी घ्यायची. पट्टे मात्र नीट जात नाहीत, आणि जळालेलं पांढरं, फोकस गेलेल्या फ्रेमा यांचं काहीच होत नाही. तेवढा भाग कापून टाका आणि दोन वेगळे शॉट करा, आठ सेकंदाची स्वच्छ क्लिप स्टेटसला भरपूर होते.